डिस्चार्ज कार्डावरची पित्ताची गोळी

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हे वाचा. पाच मिनिटंही लागणार नाहीत.

माझ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पेनकिलर चालू होत्या, म्हणून सोबत पँटोप्राझोल, म्हणजे आपली 'पित्ताची गोळी'. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: रोज सकाळी एक, रिकाम्या पोटी. कधीपर्यंत? ते लिहिलंच नव्हतं. पेनकिलर आठवड्यात संपल्या, पण ही गोळी बाबांनी चौदा महिने घेतली! शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "ही कशासाठी चालू आहे?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

आता ही गोळी करते काय? जठरातल्या पेशींमध्ये ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात. गोळी त्या पंपांना कुलूप लावते. पण पंप चालू असेल तरच कुलूप लागतं, आणि पंप चालू होतात खाल्ल्यावर. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवणानंतर घेतली तर तेवढा उपयोग होत नाही.

हॉस्पिटलमध्ये तिची खरी गरज असते, हं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो, तो टाळायला ती देतात. ॲसिड वर येऊन अन्ननलिका सोलवटली असेल, तर साधारण ८ आठवड्यांचा कोर्स असतो. घोळ होतो तो पुढे. आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून घरी, गोळी आपली सोबत येतच राहते.

वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याच्या काही इन्फेक्शनचा धोकाही वाढतो.

पण थांबा, हे वाचून घरातल्या कुणाची गोळी परस्पर बंद करू नका! बरेच दिवस घेऊन एकदम सोडली की ॲसिड उसळतं, जळजळ वाढते आणि वाटतं, 'बघा, गरज होतीच.' शिवाय आधी अल्सरमधून रक्त गेलेलं असेल आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ही गोळी लागतेच.

मग करायचं काय? डिस्चार्ज घेताना दोनच प्रश्न विचारा: ही गोळी कशासाठी? आणि कधीपर्यंत? उत्तर कार्डावर लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

आज घरी गेलात की आई-बाबांचा औषधांचा डबा एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!