काशीला निघालाच आहात, तर पहिला परदेशही पाहून या!

आजींना काशी हवी असते, मुलांना ‘परदेश’ हवा असतो आणि वडिलांच्या हाती दिवाळीची जेमतेम दहा दिवसांची रजा असते. या ओढाताणीत पुष्कळ घरांत दोन्ही बेत पुढच्या वर्षावर ढकलले जातात. खरे तर ते एकाच प्रवासात बसू शकतात. नेपाळची सरहद्द काशीहून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

काशीतच नेपाळची चुणूक मिळते. १८०० ते १८०४ या काळात नेपाळचे राजे रणबहादूर शाह येथे राहिले होते. ललिता घाटावरचे लाकडी कोरीवकामाचे पशुपतिनाथाचे मंदिर ही त्यांचीच आठवण. ते मुलांना आधी दाखवावे, म्हणजे पुढच्या प्रवासाची गोडी लागते.

दहा दिवसांचा हिशेब

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने निघाल्यास दुसऱ्या दिवशी काशी गाठता येते. हे दोन दिवस प्रवासाचे धरावेत. तिसरा दिवस विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान आणि घाटांसाठी. सध्याच्या मंदिराची उभारणी अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये केली, हे मुलांना जरूर सांगावे. चौथ्या दिवशी सारनाथ. पाचव्या दिवशी दुपारच्या गाडीने गोरखपूर गाठून मुक्काम करावा.

सहाव्या दिवशी सकाळी सुनौलीला निघावे. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. सरहद्द दिवसाउजेडीच ओलांडलेली बरी. तिथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर आहे. सातवा दिवस पूर्ण लुंबिनीला द्यावा. मायादेवी मंदिर, सम्राट अशोकाचा शिलालेख असलेला स्तंभ आणि देशोदेशींच्या बौद्धांनी बांधलेले विहार पाहता पाहता दिवस पुरत नाही. आठव्या दिवशी गोरखपूरला परतावे आणि तिथूनच मुंबईची गाडी धरावी. काशी एक्स्प्रेस किंवा कुशीनगर एक्स्प्रेसमुळे पुन्हा काशीला जाण्याचा खटाटोप वाचतो. उरलेले दोन दिवस परतीचे.

काठमांडूचा मोह

‘एवढे गेलोच आहोत, तर काठमांडूही उरकू’ असे कोणीतरी म्हणणारच. बेत फिसकटतो तो इथेच! सुनौलीहून काठमांडू अडीचशे किलोमीटरहून दूर आहे आणि डोंगरी रस्त्यात अख्खा दिवस जातो. जाऊन-येऊन दोन दिवस गाडीत आणि वयस्कर माणसांचे हाल वेगळेच. पशुपतिनाथाचे दर्शन घ्यायचेच असेल, तर रजा तीन दिवसांनी वाढवावी आणि भैरहवा येथून विमानाने जावे. ते जमत नसेल, तर काठमांडू पुढच्या खेपेला ठेवावे.

कागदपत्रे आणि पैसे

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण मोठ्यांजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टच्या पुढचे ज्येष्ठ यांना सवलत आहे. मात्र वय व ओळख पटवणारा फोटोसहित पुरावा लागतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र चालते.

भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ मिळतात. २०१८ मध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा भरपूर ठेवाव्यात. सरहद्द ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायला विसरू नये. तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हेही ध्यानात असावे.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट आपापल्या तारखेचे आरक्षण खुले होईल त्या दिवशी काढावे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात, तर मे महिन्यात ऊन सोसवत नाही. दिवाळीची सुट्टीच उत्तम. फक्त कार्तिकी पौर्णिमेच्या देवदीपावलीला काशीत मुक्कामाची जागा मिळणे कठीण, तेवढी तारीख टाळावी.

पहिल्या परदेशप्रवासात किती ठिकाणे पाहिली, याला महत्त्व नाही. आजी थकल्या नाहीत आणि मुले कंटाळली नाहीत, तर पुढच्या प्रवासाचा बेत परतीच्या गाडीतच सुरू होईल!