गुडदाणी आणि पाकाची परीक्षा

आश्विन महिना लागला की आमच्याकडे भुईमुगाची काढणी होते. शेंगा वाळून घरात येतात. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतात आणि नवा गूळ येतो. नवे दाणे आणि नवा गूळ एकाच वेळी घरात आले की गुडदाणी झालीच पाहिजे! शहरातले लोक तिला चिक्की म्हणतात. आमच्या घरी ती आज्जी करते, मी शेजारी बसून बघतो आणि वाटीतले पाणी बदलतो. ती कशी करतात ते आज सांगतो.

साहित्य : भाजून साले काढलेले शेंगदाणे 2 वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, तूप 2 चमचे. दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मागितला की चिकट गूळ देतात, तो चांगला.

आधी दाणे निवडावेत. काळे पडलेले, बुरशी आलेले, कडू दाणे टाकून द्यावेत. बुरशीचे विष भाजूनसुद्धा पूर्ण जात नाही. चांगले दाणे मंद आचेवर खरपूस भाजावेत, चोळून सुपात पाखडावेत. ताटाला आणि लाटण्याला तूप लावून आधीच तयार ठेवावे. नंतर वेळ मिळत नाही.

आता जाड बुडाच्या कढईत एक चमचा तूप व गूळ घालून मंद आचेवर सारखे हलवावे. गूळ वितळतो, मग फसफसून वर येतो. इथेच खरी परीक्षा असते. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा एक थेंब टाकावा. थेंब पसरला तर पाक कच्चा. मऊ गोळी झाली तर तो लाडवाचा पाक, गुडदाणीला अजून अवकाश आहे. गोळी ताटात टाकल्यावर टक् असा आवाज आला आणि दाताखाली कट्कन मोडली, की पाक झाला. लगेच गॅस बंद करून दाणे ओतावेत, भराभर कालवून ताटात थापावे, लाटणे फिरवावे आणि गरम असतानाच सुरीने रेघा माराव्यात. गार झाल्यावर वड्या सुटतात.

असे का होते? साधे पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. पाकातले पाणी जसे उडून जाते तसा पाक जास्त तापतो. कडक पाक साधारण 140 ते 150 अंशांपर्यंत जातो. तेव्हा त्यात पाणी जवळजवळ उरत नाही, म्हणून तो गार झाल्यावर काचेसारखा कडक होतो. पाणी राहिले तर गुडदाणी चिवट होऊन दाताला चिकटते. जास्त तापला तर पाक करपून कडू लागतो. गुऱ्हाळावरचा गुळव्यासुद्धा काहिलीतला पाक असाच पाण्यात टाकून बघतो.

गूळ हवेतला ओलावा ओढतो. म्हणून वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, नाहीतर दोन दिवसांत नरम पडतात.

परदेशातही असाच पाक करतात. अमेरिकेत शरद ऋतूत सफरचंदाला काडी टोचून ते कडक पाकात बुडवतात. फळ ओले असेल तर पाक त्याला धरत नाही, म्हणून ते आधी कोरडे पुसतात. आपल्या दाण्यांचेही तसेच आहे, तेही कोरडेच लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो, कारण तो अंगाला चिकटून राहतो. गेल्या साली आमच्या भावकीतल्या एका पोराच्या मनगटावर पाक सांडला. कुणी हळद आणली, कुणी टूथपेस्ट आणली. डॉक्टर म्हणाले, यातले काहीच लावायचे नाही. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा. चिकटलेला पाक ओढून काढायचा नाही, फोड फोडायचा नाही, बर्फ लावायचा नाही. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठायचा. त्या पोराच्या हातावर अजून वण आहे.

म्हणून मित्रांनो, दाणे सोलणे, पाखडणे, गूळ चिरायला मदत करणे ही कामे आपली. कढईचे काम मोठ्यांचे. आणि आई-बाबांना विनंती, पाक चुलीवर असताना धाकट्यांना जवळ फिरकू देऊ नका. चार वर्षांच्या आतल्या लेकरांना गुडदाणी देऊ नका, अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. त्यांना दाण्याचा बारीक कूट आणि गूळ कालवून द्या.

बाकी सगळ्यांनी चावून चावून खा, आणि डबा शाळेत आणायला विसरू नका!

— इयत्ता सातवी