गळिताआधी पुढचा ॲक्सल तपासून घ्या



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्या रंगतात, टायर बदलतात, इंजिनाचे ऑइल बदलते. ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. चिखल, सरी-वरंब्याचे धक्के आणि ग्रीसचा आळस यामुळे जुन्या ट्रॅक्टरचे किंगपिन, बुश व टायरॉड एंड झिजतात. मग स्टेअरिंग बरेच फिरवले तरी चाक वळत नाही, टायर एका अंगाने खाल्ला जातो. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना टायरॉड एंड निसटला, तर ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. म्हणून हे काम कारखान्याची तोड येण्यापूर्वीच उरकावे, असे आम्ही सांगतो.

दोष कसा ओळखावा?

ट्रॉली सोडून ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढचा भाग जॅकने उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये.

१) चाक वरून व खालून धरून हलवावे. हब स्टब ॲक्सलवर हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. स्टब ॲक्सलच हलत असेल तर किंगपिनचा बुश गेला आहे.

२) चाक दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलवावे. सांध्यात खडखड दिसली तर टायरॉड एंड झिजला आहे.

३) ॲक्सल अधांतरी ठेवून पहारीने उचकटून पाहावा. मध्यभागी खेळ दिसल्यास सेंटर पिन व तिचा बुश पाहावा.

दुरुस्ती

पिनेवर चर पडले असतील तर नुसता बुश बदलून भागत नाही. पिन व बुश जोडीनेच बदलावेत. बुश हातोड्याने थेट ठोकू नये, प्रेसवर बसवावा. त्याचे छिद्र ग्रीस निप्पलसमोर यावे. नंतर रीमर फिरवून पिन हाताने फिरेल पण खडखडणार नाही, अशी करून घ्यावी. झिजलेला किंवा तडा गेलेला स्टब ॲक्सल वेल्डिंग करून वापरू नये. उष्णतेने पोलाद ठिसूळ होऊन तो भर रस्त्यात मोडू शकतो. हबचा नट आवळताना चाक फिरवीत राहावे, मग नट किंचित मागे घ्यावा आणि स्प्लिट पिन नवीच घालावी.

टायरॉड एंड बदलल्यावर दोन्ही चाकांतील पुढचे व मागचे अंतर मोजून घ्यावे. ते कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे नसेल तर नवे टायरही लवकर झिजतात.

हंगामात रोज सकाळी प्रत्येक निप्पलमधून जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत ग्रीस मारावे. बुशाचा खर्च थोडा असतो. पण ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते आणि टोळी बसून राहते.

— ऊस विकास अधिकारी