आठास त्रेचाळीस

मिस्त्रींनी जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारली आणि मला म्हणाले, "फिरवा. दोन पूर्ण फेरे. शाफ्टचे मी मोजतो." दुसरं चाक जमिनीवर होतं. अशा वेळी डिफरन्शियलमुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे आतल्या क्राउनचा एक फेरा. मी वाकून चाक फिरवलं. शाफ्ट पाच वेळा फिरला आणि सहाव्या फेऱ्याचा तिसरा हिस्सा ओलांडून जरा पुढे थांबला.

"आठास त्रेचाळीस," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "आता बोला, कुठलं इंजिन टाकायचंय?"

मी तर इंजिन ठरवूनच गेलो होतो. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल. ते गॅरेजच्या कोपऱ्यात टायरवर ठेवलेलंही होतं. वाटलं होतं, बॉनेट उघडतील, आत टेप लावतील, बसेल की नाही ते सांगतील. हे गृहस्थ गाडीच्या पुढच्या टोकाकडे बघायलाच तयार नव्हते.

पुढे त्या एका आकड्याच्या मागे लागून बरंच वाचलं, बऱ्याच गाड्यांखाली आडवा झालो, तेव्हा कळलं की त्यांनी सुरुवात बरोबर टोकाकडून केली होती. जुन्या फोर बाय फोरमध्ये इंजिन बदलायचं तर हिशेब चाकाकडून इंजिनाकडे करत यायचा असतो. आपण सगळे तो उलटा करतो.

पिनियनला आठ दात, क्राउनला त्रेचाळीस. चाक एकदा फिरायला शाफ्टने ५.३८ वेळा फिरायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला हे गुणोत्तर ४.८८ होतं, म्हणजे आठास एकोणचाळीस. युद्धानंतर तीच गाडी शेतकऱ्याला विकायची ठरली. नांगर ओढायचा, ट्रॉली ओढायची, म्हणून नागरी सीजे मालिकेत ५.३८ आलं. तीन गिअरच्या टी-९० बॉक्सचा पहिला गिअर २.८०, स्पायसर १८ ट्रान्स्फर केसचा लो २.४६, त्यावर मागचे ५.३८. गुणाकार ३७ येतो. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर लो-पहिल्यात गाडी ताशी पावणेचार किलोमीटरने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकते. चिखलात, घाटातल्या दगडी वाटेवर हेच हवं असतं. टॉप गिअरला मात्र ६.००-१६ च्या टायरवर ३००० फेऱ्यांना ताशी ७५ किलोमीटर होतात आणि २००० ला जेमतेम ५०. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला घेतली. आपल्या डोळ्यांत जी जीप बसली आहे, उंच नाकाची, पोलीस ठाण्याबाहेरची, वनखात्याची, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी, ती सीजे-३बी. तिचं नाक उंच का, तर इंजिन बदललं म्हणून. आधीचं 'गो डेव्हिल' २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं. त्याच्या दोन्ही व्हॉल्व्हा ब्लॉकमध्ये, त्यामुळे ते ठेंगणं. नंतरच्या 'हरिकेन'मध्ये खालचा ब्लॉक जवळपास तोच ठेवला, एक्झॉस्टची व्हॉल्व्ह तिथेच राहू दिली आणि इनलेटची उचलून वर हेडमध्ये नेली. ताकद सत्तरीच्या पुढे गेली आणि इंजिन उंच झालं. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. विलीजने १९५३ मध्ये सरळ बॉनेटच उंच केलं. अमेरिकेत हे रूप १९६८ ला संपलं, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं. म्हणजे 'ओरिजिनल' म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती गाडीच मुळात इंजिन बदलून झालेली आहे. कुणी इंजिनबदलाला नाक मुरडलं की मला हे नाक आठवतं.

हरिकेन गोड इंजिन आहे, पण पितं. लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तर खूश व्हायचं. १९७३ नंतर पेट्रोलच्या भावाने ही खुशी संपवली. डिझेल स्वस्त होतं आणि जीप तर वडापला, बाजाराला, उसाच्या फडावर रोज चालवायची. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी माणसं पेट्रोलचं इंजिन उतरवू लागली. महिंद्राही त्याच वाटेने गेली आणि दोन वेगवेगळ्या घरांतून डिझेल आणलं.

एक फ्रेंच. प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. नावातच पत्रिका आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. महिंद्रांच्या एमएम ५४० जीपमध्ये हेच. इंधन आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं, म्हणून हिवाळ्यात सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत थांबावं लागतं. पण बोअरपेक्षा स्ट्रोक कमी असल्याने हे इंजिन मोकळेपणाने फिरतं.

दुसरं शेतातलं. महिंद्रांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून बी-२७५ ट्रॅक्टर आणला. त्यातला 'बी' ब्रिटिश, कारण ही मालिका इंग्लंडात ब्रॅडफर्डला बनायची. त्या घराण्यातून पुढे जीपचं थेट इंजेक्शनचं एमडीआय झालं: बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच, २५२३ सीसी. लांब स्ट्रोकचं, शांत, खालीच दम देणारं. कितीही ओझं लादा, घुमत घुमत चढतं. पळवा म्हटलं की कुरकुरतं.

आता तो ५० चा आकडा काढा. ट्रॅक्टरच्या रक्ताचं इंजिन दोनेक हजार फेऱ्यांना सुखी असतं. आठास त्रेचाळीसच्या हौसिंगवर, म्हणजे डिफरन्शियलच्या त्या जोडीवर, त्या सुखात गाडी ताशी ५० ने जाणार. हायवेला ट्रकवाले मागून हॉर्न देणार, तुम्ही पाय दाबणार, इंजिन ओरडणार आणि महिन्याभरात तुम्ही लोकांना सांगणार की डिझेल जीपमध्ये काही अर्थ नाही. दोष इंजिनाचा नसतो. एक चांगला बैल रेसच्या गाड्याला जुंपलेला असतो, इतकंच. प्यूजोला त्याच हौसिंगवर एवढा त्रास होत नाही.

मग हौसिंग बदला, म्हणाल. आठास एकोणचाळीस लावा. लावता येतं, पण पुढचं आणि मागचं दोन्ही. एक ५.३८ आणि एक ४.८८ ठेवून फोर बाय फोर टाकलंत की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळे फेरे मागतात आणि मधला ट्रान्स्फर केस पिळवटून निघतो. चिखलात चाक घसरून हिशेब जुळवून घेतं, कोरड्या डांबरावर शाफ्टचा क्रॉस तुटतो किंवा दात जातात. शिवाय एकोणचाळीस केल्यावर लो-पहिल्यातला ३७ उतरून साडेतेहतिसावर येतो आणि वेग वाढतो तो ५० वरून ५५. यासाठी दोन हौसिंगं उघडायची? माझ्या मते नाही. त्यापेक्षा मधे एक गिअर जास्तीचा घालणं शहाणपणाचं. अमेरिकेत स्पायसर १८ च्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह मिळायचा, इंजिनाचे फेरे पाव हिश्श्याने कमी करणारा. आपल्याकडे नंतरच्या महिंद्रांचा पाच गिअरचा बॉक्स घालतात. खालची ताकद शाबूत राहते, वर श्वास मिळतो.

अमेरिकेतल्या जुन्या पिकअपवाल्यांची गोष्ट याच चालीची आहे. डॉजचा पॉवर वॅगन, फोर्ड आणि शेवरोलेचे सत्तरच्या दशकातले फोर बाय फोर ट्रक. त्यांत हौशी लोक कमिन्सचं ४बीटी घालतात. चार सिलिंडर, ३.९ लिटर, पाव-बिस्किटं पोचवणाऱ्या मोडीत निघालेल्या व्हॅनमधून काढलेलं. आपल्याला कमिन्स म्हटलं की पुण्याचं कोथरूड आठवतं, १९६२ चं किर्लोस्कर कमिन्स. त्या अमेरिकी ट्रकांतही रड तीच: इंजिन पावणेतीन हजारांच्या आत खूश आणि मागे पेट्रोलच्या जमान्यातलं खोल हौसिंग.

आता बसवण्याचं काम. त्यात मोठ्या गोष्टी सगळ्यांना दिसतात. इंजिनाचं फाउंडेशन नवं वेल्ड करायचं, रेडिएटर मोठा घ्यायचा, पुढचे पाटे वजनाने बसतात ते बदलायचे. जीव जातो लहान गोष्टींत. बेल हौसिंगची अडॅप्टर प्लेट लेथवर करून आणतात, बोल्ट बसले की काम झालं म्हणतात. मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. फ्लायव्हीलवर डायल गेज चुंबकाने चिकटवला, काटा बेल हौसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवला आणि हाताने इंजिन फिरवलं. काटा डोलला. पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या, वर डोलला तर प्लेट परत लेथवर. सूतभर नव्हे, केसभर. एवढी चूक राहिली तर गिअर बॉक्सचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकतो, पायलट बेअरिंग वाजतं, गिअर सुटतो आणि दोष जातो 'जुन्या बॉक्स'वर.

टाकीचंही तसंच. जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोलला एकच नळी पुरते. डिझेलचा पंप आणि नोझल जास्तीचं इंधन परत पाठवतात, त्यासाठी टाकीला परतीची नळी हवी. ती विसरतात. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट पावसाळ्यात कळते: जुन्या सीजे-३बीचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. डिझेलच्या इनलेटला असा व्हॅक्यूम नसतो. पहिल्या सरीत काच धूसर होते आणि वायपर जागचे हलत नाहीत.

कागदांचं प्रकरण थोडक्यात. जुन्या आरसी बुकांत पेट्रोल खोडून डिझेल लिहिलेलं आढळतं. आता तसं होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, अन्य इंधनाचं मान्यताप्राप्त किट ही वेगळी वाट. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. वर २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो, तो गाडी मूळ रूपात असेल तरच. ज्या डिझेलने तीन पिढ्यांना जगवलं त्याच डिझेलमुळे कित्येक जीपा या यादीबाहेर राहतात. मला हे काही न्याय्य वाटत नाही, पण नियम समजतो.

घराणी मात्र फिरत राहतात. महिंद्रांनी २०१८ मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये 'रॉक्सर' बांधायला घेतली. जीपचाच सांगाडा, फक्त रस्त्याबाहेर चालवायची परवानगी, आणि बॉनेटखाली २.५ लिटरचं टर्बो डिझेल, ६२ हॉर्सपॉवरचं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. ब्रॅडफर्डच्या ट्रॅक्टरचं माप डेट्रॉइटच्या दारात.

माझ्या जीपच्या पुस्तकात पेट्रोल आहे. मिस्त्रींनी विचारलं होतं, गाडी कुठे चालवणार? महिन्यातून दोनदा शेतावर, कधीतरी घाटात. "मग काढताय कशाला?" म्हणाले. हरिकेनचा ब्लॉक बोअर करून आणला, नव्या रिंगा घातल्या, कार्ब्युरेटर धुतला. पेट्रोल तेवढंच पितं. कोपऱ्यातलं ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी एका शेतकऱ्याला विकलं. आता ते विहिरीवर पाणी उपसतं. तिथे त्याला दीड हजार फेऱ्यांपुढे कुणी पळवत नाही.