अवटू ग्रंथीची साक्ष

जंतूंच्या बंदोबस्तासाठी शरीरात धाडलेले औषध नेमून दिलेल्या ठाण्यावरच मुक्काम करील, अशी हमी कोणताही वैद्य देऊ शकत नाही. आणि गळ्यातील अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉईडच्या, कारभारात अशा औषधांनी केलेल्या ढवळाढवळीचा मागोवा घेतला, तर या विधानाची पुरती खातरजमा होते.

या प्रकरणाचा आरंभ १९४१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाला. आहारशास्त्राच्या अभ्यासात आतड्यांतील जंतूंचा अडथळा दूर व्हावा, एवढ्याच हेतूने कॉस्मो व ज्युलिया मॅकेंझी आणि एल्मर मॅक्कॉलम यांनी उंदरांच्या खाद्यात सल्फाग्वानिडीन हे जंतुरोधक औषध मिसळले. आणि पुढे विच्छेदन करून पाहतात, तो त्या उंदरांच्या अवटू ग्रंथी फुगून लालबुंद झालेल्या! गलगंड म्हटला की आयोडीनची तूट, हे तत्कालीन वैद्यकाचे ठरलेले उत्तर. परंतु येथे आयोडीन देऊनही वाढ थांबेना, थायरॉक्सिन, म्हणजे अवटूचेच संप्रेरक, दिल्यास मात्र ती होईना, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी काढून टाकल्यास औषधाचा प्रभावच दिसेना. उलगडा झाला तो असा, की आयोडीन जोडून संप्रेरक घडविणारे विकर या औषधाने जायबंदी होते, रक्तातील संप्रेरक घटताच पोषग्रंथी तगाद्यावर तगादा लावते, आणि अवटू बिचारी, माल निघत नसतानाही, कारखाना वाढवीत बसते.

हाच उपद्रव बोस्टनच्या एडविन अ‍ॅस्टवुड यांना उपाय वाटला. ज्यांची अवटू बेसुमार काम करते, त्यांच्या ग्रंथीला असाच लगाम घालता येईल, या विचाराने त्यांनी शंभराहून अधिक रसायने पारखली आणि १९४३ मध्ये थायोयुरिया व थायोयुरासिल यांचे रुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. आज आपल्याकडे सर्रास दिली जाणारी कार्बिमॅझोलची गोळी त्याच कुळातील होय.

दुसऱ्या बाजूचा जमाखर्च मात्र क्षयरोग्याच्या खाती पडला. स्वीडनच्या योर्गेन लेहमान यांनी पुढे आणलेले ‘पास’ (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल), दिवसाकाठी १० ग्रॅमच्या घरात गिळावे लागणारे हे औषध, १९५६ साली मद्रासेत सुरू झालेल्या प्रयोगात आयसोनियाझिडच्या जोडीने वापरले गेले, आणि क्षयरोगी आरोग्यधामाइतकाच आपल्या घरीही बरा होऊ शकतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. परंतु दीर्घकाळ पास घेणाऱ्यांत गलगंड व अवटूची मंदता आढळल्याच्या नोंदी तोवर वैद्यकाच्या दप्तरी दाखल होऊ लागल्या होत्या. पुढे आलेले इथिओनामाइड तर रचनेने अ‍ॅस्टवुड यांच्या औषधांचे भाऊबंदच. २००७ पासून गुजरात व महाराष्ट्रात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर जी सरकारी उपचारयोजना जारी झाली, तीत त्याचा समावेश होता.

रिफाम्पिसिन या क्षयावरच्याच औषधाची तऱ्हा निराळी: ते यकृताकडून थायरॉक्सिनची विल्हेवाट त्वरेने लावविते, त्यामुळे थायरॉक्सिनची गोळी आधीपासून घेणाऱ्याची मात्रा अपुरी पडू शकते. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दीर्घकाळ घेतल्यास ग्रंथी क्वचित काळीठिक्कर होते. पण तिचे काम बहुधा बिघडत नाही, आणि हा रंग शस्त्रक्रियेच्या वेळीच काय तो उघडकीस येतो.

उंदराची ग्रंथी उघडून पाहिली गेली, म्हणून तिची फिर्याद तत्काळ ऐकली गेली. माणसाच्या बाबतीत हे तितके सोपे नाही. क्षयाचा रुग्ण थकलेला असावयाचाच, त्याला काही करावेसे वाटू नये हेही रीतीचेच; आणि अवटू मंदावली तरी हेच घडते. तेव्हा वैशाखाच्या उन्हातही जो अंगावरची शाल काढीत नाही, ज्याचा आवाज घोगरा आणि त्वचा कोरडी झाली आहे, त्याच्या गळ्याकडे लक्ष जाण्यापूर्वी त्याचे सारे दुखणे क्षयाच्याच नावे मांडले जाण्याचा धोका असतो. वास्तविक टीएसएचची, म्हणजे पोषग्रंथीच्या त्या तगाद्याचे मोजमाप करणारी, साधी रक्तचाचणी हे प्रकरण उजेडात आणते. क्षयाचे औषध न थांबविता थायरॉक्सिनची जोड देता येते, आणि उपचार संपल्यावर ग्रंथी बहुधा पूर्वपदावर येते. २०२४ मध्ये भारताने मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमात पास नाही आणि इथिओनामाइडही नाही, ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि ज्याला तो क्रम देता येत नाही, अशा रुग्णाने ‘डॉक्टर, फार थंडी वाजते हो’ असे म्हटल्यास, ते वाक्य क्षयाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी बोटे त्याच्या गळ्याकडे जावीत.