कुंडीतील शोभिवंत वनस्पती

कुंडीतील शोभिवंत वनस्पती : पाने, फुले, सुगंध किंवा डौलदार आकार यांसाठी अंगणात, ओट्यावर, गच्चीवर, सज्जात किंवा घरात कुंडी, डबा, पेटी यांसारख्या पात्रांत वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींना ही संज्ञा लावतात. जमिनीतील झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल व दूरवर जाऊ शकतात. कुंडीतील झाडाला ती मुभा नसते. त्याला लागणारे पाणी, हवा व पोषक द्रव्ये काही लिटर मातीतच मिळावी लागतात आणि त्यांचा पुरवठा सर्वस्वी माणसाच्या हाती असतो. त्यामुळे स्थानिक माती, पाणी व ऊन यांची जाण या छंदात झाडांच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठवाड्यातील कोरड्या भागाचा, म्हणजे जालना जिल्ह्यातील आष्टी (ता. परतूर, बीड व वर्धा जिल्ह्यांतील याच नावाची गावे वेगळी) यासारख्या गावांचा विचार केला आहे.

पात्रांत झाडे लावण्याची प्रथा प्राचीन आहे. ईजिप्तमधील देर-एल-बहरी येथील मंदिराच्या भिंतीवर हॅटशेपसूट राणीच्या कारकीर्दीत (इ. स. पू. पंधरावे शतक) पुंट देशाहून धूपाची झाडे टोपल्यांतून आणल्याची शिल्पे आहेत. लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद काचपेटीत वनस्पती जगतात असे दाखविल्यावर दूरदेशीची नाजूक झाडे जहाजातून सुखरूप नेता येऊ लागली. आज भारतीय घरांत दिसणाऱ्या कुंड्यांतील बहुतेक झाडे अशी परदेशी आहेत : क्रोटन आग्नेय आशियातील बेटांवरचे, मनी प्लँट पॅसिफिक महासागरातील मोओरेआ बेटावरचा, सदाफुली मादागास्करची, तर बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील. महाराष्ट्रात मात्र कुंडीचा विचार तुळशीपासूनच सुरू करावा लागतो. वृंदावन हे एका अर्थी घरोघरचे सर्वांत जुने वनस्पतिपात्र होय.

तुळस वरचेवर वाळते, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते व तिचा संबंध कधीकधी शुभाशुभाशीही जोडला जातो. कारणे पुष्कळदा साधी असतात. बांधीव वृंदावनाच्या तळाला छिद्र ठेवलेले नसते. भर उन्हात सिमेंट किंवा दगड तापून मुळे भाजतात. रोज तांब्याभर पाणी घातल्याने वरची माती ओली दिसते, पण खालची एकतर कोरडी राहते किंवा कुजते. शिवाय तुळस ही अल्पायुषी वनस्पती असून मंजिऱ्या पिकून बी धरल्यावर ती उतरणीस लागते. मंजिऱ्या वेळीच खुडल्यास तिचे आयुष्य वाढते. वैशाखात तुळशीवर गळती बांधण्याची, म्हणजे बारीक छिद्राचे भांडे टांगून थेंबथेंब पाणी देण्याची, जुनी रीत या दृष्टीने लक्षणीय आहे. धार्मिक विधी म्हणून पाळल्या जाणाऱ्या या रीतीत ठिबक सिंचनाचे तत्त्व पूर्णपणे आले आहे.

माती : आष्टीच्या परिसरातील काळी माती कापूस, तूर यांना मानवते, कुंडीत मात्र ती बहुधा घातक ठरते. या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजांचे प्रमाण मोठे असते. पाणी मिळताच ती फुगते व सुकताना आकसून भेगाळते. शेतात या भेगांमुळे माती आपोआप खालीवर होते, म्हणून त्या निरुपद्रवीच नव्हेत तर उपयुक्तही असतात. कुंडीत मात्र आकसलेला गोळा कडेपासून सुटतो, भेगांमुळे कोवळी मुळे तुटतात आणि वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून थेट तळाच्या छिद्राकडे धावते. छिद्रातून पाणी वाहताना पाहून झाड भिजले अशी समजूत होते. प्रत्यक्षात गोळ्याचा गाभा कोरडाच असतो. उलट पावसाळ्यात हीच माती पाणी धरून बसते, मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती कुजतात. म्हणून काळ्या मातीचे प्रमाण एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावे. नदीकाठची पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत व जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे समप्रमाणात घेतल्यास बहुतेक झाडांस पुरते. कच्चे शेण घातल्यास त्याच्या उष्णतेने मुळे करपतात. नारळाच्या काथ्याचा भुसा हलका व ओलावा टिकविणारा आहे, परंतु वापरण्यापूर्वी तो गोड्या पाण्यात धुऊन त्यातील लवणे काढावी लागतात.

निचरा व्हावा म्हणून तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत सर्रास आढळतो. तो फारसा उपयोगी नाही. बारीक छिद्रांच्या मातीतून जाड खडीत पाणी सहजी उतरत नाही. केशाकर्षणामुळे ते मातीच्या तळच्या भागात अडून राहते. खडीचा थर जितका जाड, तितका हा चिंब थर मुळांच्या जवळ वर येतो. छिद्रातून माती वाहू नये एवढ्यासाठी त्यावर एक खापरी पालथी ठेवणे पुरेसे असते.

कुंड्या : कुंभाराने भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून त्याची वाफ होते, त्यामुळे मुळांभोवतीची माती थंड राहते, पण पाणीही अधिक लागते. प्लॅस्टिकची कुंडी पाणी वाचविते, तथापि वैशाखाच्या उन्हात ती तापते आणि दोन-तीन वर्षांत ठिसूळ होऊन तडकते. तेलाचे पत्र्याचे डबे गावोगावी वापरात आहेत. तळाला पाच-सहा छिद्रे पाडली आणि पश्चिमेचे ऊन टाळले, तर गंज लागेपर्यंत ते उत्तम काम देतात. फुटके माठ व रांजण यांनाही हेच लागू पडते.

पाणी : कुंडीतील झाडे पाण्याअभावी मरतात त्याहून अधिक, निदान पावसाळा-हिवाळ्यात, अतिपाण्याने मरतात. दोन्ही प्रसंगी पाने माना टाकतात, त्यामुळे कुजलेल्या मुळांच्या झाडाला आणखी पाणी घालून त्याचा अंत ओढवला जातो. वरच्या मातीत बोट पेराएवढे खुपसून ओल पाहावी व ती नसेल तरच पाणी द्यावे. द्यावे तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यावे.

मराठवाड्यात पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या गुणाचा प्रश्न आहे. विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. कुंडीच्या बाहेरील बाजूस व मातीवर येणारा पांढरा थर हा त्यातील लवणांचा असतो. चुनखडीयुक्त माती व असे पाणी यांमुळे मातीचा अल्कधर्म वाढतो, मातीतील लोह झाडाला घेता येत नाही आणि गुलाब, जास्वंद, अनंत यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर खताची मात्रा वाढविणे व्यर्थ होय. हिराकस मातीत टाकल्यासही चुन्यामुळे तो लवकर निरुपयोगी होतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारल्यास गुण येतो. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी कुंड्यांतून भरपूर वाहू दिले म्हणजे वर्षभर साचलेली लवणे धुऊन निघतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी निर्धोक आहे. कपडे धुण्याच्या भुकटीचे पाणी सोडियममुळे, तर पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी लवणांच्या साठ्यामुळे नेहमी वापरू नये.

झाडांची निवड : जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सु. ६५० ते ७५० मिमी. पाऊस पडतो व तो बव्हंशी जून ते सप्टेंबर या काळातच. मे महिन्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा ठिकाणी नेचे, अँथुरियम, ऑर्किड यांचा हव्यास निराशाजनक ठरतो. सदाफुली, बोगनवेल, अडेनियम, कोरफड, काटेरी युफोर्बिया, सान्सेव्हिएरिया, चिनी गुलाब (पोर्टुलाका) व पानफुटी ही तगणारी झाडे होत. त्यांपैकी काहींच्या तगण्यामागे एक विलक्षण क्रिया आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरील त्वग्‌रंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात व त्याच वेळी पुष्कळ पाणी गमावतात. पानफुटी, कोरफड, सान्सेव्हिएरिया यांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. घेतलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने साठवून दिवसा रंध्रे मिटून प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागते, हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतातच बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदविले होते.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांतून दृढ झाला. ते प्रयोग लहान बंद कक्षांत केलेले होते. २०१९ मधील एका समीक्षेनुसार, सामान्य खोलीत खिडकी उघडण्याइतका परिणाम साधण्यास अव्यवहार्य संख्येने झाडे लागतील. याउलट दोन धोके खरे आहेत. कुंडीखालच्या ताटलीतील स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारे एडिस डास वाढतात. ताटल्या निदान आठवड्यातून एकदा रित्या करून घासाव्यात, कारण अंडी कोरड्या कडेलाही चिकटून राहतात. कण्हेर व अडेनियम यांचा रस हृदयास विषारी असून डिफेनबॅकियाचे पान चावल्यास जीभ व घसा सुजतो. रांगते मूल असलेल्या घरात ही झाडे हाताशी ठेवू नयेत.

अवर्षणाचे वर्ष : १९७२, २०१२–१३ व २०१५–१६ या वर्षांच्या दुष्काळांत मराठवाड्यातील पिण्याच्या पाण्याचे हाल सर्वश्रुत आहेत, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मे महिन्यात ३० सेंमी. व्यासाच्या भरगच्च कुंडीला दिवसाला सु. एक लिटर पाणी लागते, म्हणजे वीस कुंड्यांना मोठी घागरभर. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या घरात हा हिशेब हलका नसतो, आणि ती घागर बहुधा स्त्रियांच्याच डोक्यावरून येते. अशा वर्षी हंगामी फुलझाडे सोडून द्यावीत. बोगनवेल, जास्वंद यांची एकतृतीयांश छाटणी करून पाने कमी करावीत, म्हणजे बाष्पोच्छ्वास घटतो. सर्व कुंड्या उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीलगत एकमेकींस खेटून ठेवून मातीवर वाळल्या पाल्याचे दोन बोटे आच्छादन घालावे. लहान कुंड्या मोठ्या घमेल्यातील ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरल्यास पाण्याची गरज बरीच कमी होते. खत या काळात अजिबात देऊ नये. सान्सेव्हिएरिया व कोरफड पंधरा दिवस विनापाणी तग धरतात. अडेनियम पाने गाळून बुंध्यातील साठ्यावर राहते व पहिल्या पावसानंतर पुन्हा पालवते. त्यामुळे निष्पर्ण दिसते म्हणून ते उपटून टाकण्याची घाई करू नये. तुळशीचे बी मंजिऱ्यांतून काढून कोरड्या डबीत ठेवले असता मृगाच्या सरी येताच नवी रोपे करता येतात.