ऋषिपंचमीची भाजी

श्रावण अमावास्येस पोळ्याला बैलाची पूजा करावयाची आणि पुढे पाचव्याच दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीस, त्याच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानावयाचे, ही आपल्या व्रतपरंपरेतील मोठी हृद्य जोडी आहे. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींचे अरुंधतीसह पूजन झाले, की त्या दिवशी नांगराविना पिकलेले तेवढेच पानात पडते. खेड्यात यासाठी अडत नसे. परसात अळू असे, कुंपणावर पडवळ-दोडका लोंबे, गोठ्याच्या छपरावर भोपळा पसरलेला असे. शहरातील गृहिणीने मात्र काय करावे? मंडईत 'ऋषीची भाजी' म्हणून वाटे मांडलेले असतात. पण तो माल खेड्यातून अडत्याकडे, अडत्याकडून विक्रेत्याकडे आलेला. तो कोणाच्या श्रमाचा, हे विक्रेत्यास तरी कोठून ठाऊक असणार!

म्हणून गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी प्रस्तुत लेखिका पुण्याच्या एका उपनगरातील शेतकरी बाजारात गेली. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि शहरांतून भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारांच्या मोहिमेस संत सावता माळी यांचे नाव दिले. सरकारी नामकरणे सहसा मनास भिडत नाहीत, हे भिडले. अरणच्या या संताने भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सावतोबांच्या भेटीस मात्र पांडुरंगाची पालखी अरणला येते.

मैदानाच्या कडेने ताडपत्र्या बांधल्या होत्या. रात्रीच्या पावसाने चिखल झालेला. पुरंदरची सीताफळे, जुन्नरचे टोमॅटो यांना ओलांडून कोपऱ्यात गेले, तर मुळशीकडील एक वृद्धा गोणपाटावर बसलेली. पुढ्यात अळूची पाने, लाल माठ, कर्टोली, कुर्डूच्या जुड्या आणि मातीसकट एक थोरला सुरण.

"मावशी, हे बैलाचं नाही ना?" मी विचारले.

"न्हाई वो ताई. कर्टुली, कुर्डू डोंगरातली. माठ-अळू परड्यातलं. सुरण म्या कुदळीनं खणलाय." मग हसून म्हणाली, "आन् आता बैल ऱ्हायलेत कुठं? समदं ट्रॅक्टरच करतो. तुमाला काय बी चालंल!"

शेजारची एक सुशिक्षित बाई लगेच म्हणाली, "म्हणजे आता या व्रताला अर्थच उरला नाही." तशी वृद्धेने सुरणावरची माती झटकली आणि म्हणाली, "बैलाचं कष्ट देवाला चालत न्हाईत म्हंता, मंग आमचं कसं चालतं वो?"

तिच्या स्वरात रागाचा लेशही नव्हता. मला मात्र ऋषिपंचमीची कहाणी आठवली. पूर्वकर्माने बैल झालेला बाप आपल्याच मुलाच्या घरी दिवसभर राबतो आणि रात्री उपाशी राहतो. मुलगा दुष्ट नसतो. आपण कोणाला राबवीत आहोत, हे त्याला ठाऊक नसते, एवढेच. दरवर्षी ही कहाणी वाचली जाते. पण तिच्यातील त्या उपाशी बैलाकडे इतकी वर्षे माझे लक्षच गेले नव्हते.

सुरणाचा भाव तिने सांगितला. घासाघीस करण्याची माझी जुनी सवय, शब्द ओठांवर आलेही होते. मी पिशवी पुढे केली.

सुट्ट्या पैशांसाठी तिने कनवटीचा बटवा सोडला. बोटांच्या पेरांत लाल माती भिनलेली होती. सहा वाजता टेम्पोत बसले, अजून चहा झाला नाही, असे ती सहज बोलून गेली. मैदानाच्या तोंडाशी चहाची गाडी होती. मी दोन पेले आणले, आणि तिने आपल्या गोणपाटावर मला जागा करून दिली.

"सुरण चिरताना हाताला आमसूल लावा," चहा फुंकत तिने बजावले, "न्हाईतर सणाच्या दिशी खाजवीत बसाल."